त्रेचाळीस-ब

१

बावीस वर्षं मी कासवं मोजते. नवीन ओळख झाली आणि हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग हळूच विचारतात, "पण मोजून करता काय?" काय करणार? दुसऱ्या दिवशी परत मोजते.

आमची पाणथळ राखीव आहे. कागदोपत्री तिला हातभर लांब नाव आहे, आम्ही नुसतं 'आत' म्हणतो. आत जायला एकच वाट, फळ्यांची. फाटकापासून निघते, लव्हाळ्यांतून वाकडीतिकडी जाते आणि पन्नासाव्या खांबाशी संपते. तिला फाटा नाही, वळसा नाही. जसं गेलात तसंच परत यायचं. दोन्हीकडे गुडघाभर पाणी आणि त्याखाली कंबरभर चिखल, म्हणून फळीवरून पाय खाली टाकायची कोणालाच परवानगी नाही. वाटेवर दवबिंदूची झाडं दिसतात, बोटाएवढी, लालभडक, किडे चिकटवून खाणारी. पाणसाप आहेत. आणि आमची पिवळ्या मानेची कासवं आहेत, जी आता फार थोड्या ठिकाणी उरलीत. बावीस वर्षांत मला बेचाळीस मिळाली. म्हणजे बघा.

प्रत्येक कासवाला नंबर. तो रंगवून टिकत नाही, म्हणून कवचाच्या कडेला तिकोनी कानशीनं बारीक खाच पाडायची. कडेला कौलांसारखे तुकडे असतात, आम्ही त्यांना कौलंच म्हणतो. उजवीकडची एकक, डावीकडची दशक, डोक्याकडून मोजत यायचं. डाव्या चौथ्या कौलावर एक खाच, उजव्या तिसऱ्यावर एक, झाला त्रेचाळीस. दुखत नाही त्यांना. आपल्या नखासारखंच असतं ते.

कासवांचे नियम तीनच, आणि ते माझ्याच अक्षरात ऑफिसच्या भिंतीवर लावलेत. एक नंबर एकालाच. जिथे पकडलं तिथेच सोडायचं. आणि सोडल्यावर पाच मिनिटं थांबून जनावर नीट जातंय ना ते बघायचं. सोडलेलं कासव लगेच निघत नाही. थिजल्यासारखं बसून राहतं. मग एकदा निघालं की सरळ निघतं आणि मागे वळून बघत नाही.

बावीस वर्षांत माझी एक चूक काढून दाखवा, असं मी साहेबांना तोंडावर म्हणायची. साहेबही हसून म्हणायचे, "तुमची चूक काढायला आम्हाला दुसरा जन्म घ्यावा लागेल." आणि मग ती चूक झाली.

रविवारी दुपारी बाराव्या खांबाजवळच्या सापळ्यात नवीन कासव मिळालं. मी त्याला त्रेचाळीस नंबर दिला आणि चिठ्ठीवर टिपून शर्टाच्या खिशात टाकलं. संध्याकाळी ऑफिसात बसून चिठ्ठीवरचं वहीत उतरवायचं, ही रोजची रीत. वही उघडली आणि तेवढ्यात धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण. "ताई, मी उद्या येतेय. तीन दिवस. एकटी!" पाच वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की वही मिटली आणि घर आवरायला पळाले.

सोमवारी सकाळी चाळिसाव्या खांबाशी अजून एक नवीन कासव मिळालं. वहीत शेवटचा नंबर बेचाळीस. मी त्यालाही त्रेचाळीस दिला.

संध्याकाळी कपडे भिजवताना रविवारच्या शर्टातून चिठ्ठी निघाली. मी बादलीपाशी बसून राहिले. एक नंबर, दोन कासवं. कोणीही वही वाचली तर एकच कासव बाराव्या खांबापाशीही आहे आणि चाळिसाव्यापाशीही. साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नाक वर करून हिंडले होते ना बावीस वर्षं.

२

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई आजारी असायची, त्यामुळे तिला अंगाखांद्यावर मीच वाढवलं. शाळेत सोडायला जायची तर ही वर्गाकडे चालताना मागे वळून वळून माझ्याकडे बघायची. आई ओरडायची, "अगं, समोर बघून चाल, आपटशील!" एकदा आपटलीच. हनुवटीला टाके पडले, खूण अजून आहे. सवय मात्र गेली नाही. लग्न झालं, मूल झालं, तरी गाडीत बसून मान मोडेपर्यंत मागे बघत हात हलवायची.

सोमवारी रात्री जेवता जेवता तिच्या पिल्लाचा फोन आला. पिल्लू म्हणजे तिची पाच वर्षांची लेक.

"आई, तू तिथेच राहा हं. बाबा वेणी घालताना ओढत नाहीत."

"बघ, बघ, कार्टी कशी उलटली!" धाकटी हसून हसून लाल झाली. "एका दिवसात पक्ष बदलला. मी आले ना की अशी ओढते की बघच."

"ओढतेस म्हणजे काय, उपटतेस तू," पलीकडून पिल्लू म्हणाली.

मंगळवारी ती माझ्याबरोबर आत आली. फाटकावर आमचे पहारेकरी काका बसतात. आत जाणाऱ्यानं त्यांच्या वहीत सही करायची, बाहेर येताना पुन्हा करायची. धाकटीनं सही केली, माझी जुनी पिवळी टोपी घातली. तिची कड उसवली होती, मीच ती कधीतरी निळ्या दोऱ्यानं शिवली होती. चहाचा थर्मास तिनं बगलेत धरला. फोन माझ्या पिशवीत टाकला. "पाण्यात पडला तर नवरा बोलेल. तीन वाजता दे, पिल्लूला करायचाय."

बाराव्या खांबाशी दवबिंदूची झाडं सगळ्यांत दाट आहेत. तिथे ती जी बसली ती हलेना. फळीच्या कडेला पाय सोडले आणि एका झाडात अडकलेली माशी बघत बसली.

"मेली का गं ही?"

"अजून नाही. वेळ लागतो."

"शी! आणि तू हे रोज बघतेस?"

"तुला बघवत नसेल तर डोळे मीट. मी अठराव्यापर्यंत जाऊन सापळा बघून येते. उठू नकोस."

"कुठे जाणार उठून? चहा पिते मी."

अठराव्या खांबाशी मी गुडघे टेकून सापळ्याची दोरी सोडवत होते. गाठ चिखलानं घट्ट झाली होती. वीस मिनिटं तरी गेली असतील. कुठेतरी जवळच खर्र, खर्र असा बारीक आवाज येत होता, कानस घासल्यासारखा. एक जातीचा बेडूक तसा ओरडतो. लक्ष दिलं नाही.

परत बाराव्याशी आले तर फळी रिकामी.

३

आधी मी चिडले. फाटकाकडे गेली असेल, लघवीला. फाटकापर्यंत गेले. काका म्हणाले, "कोणी नाही आलं, मोजणीबाई." ते मला मोजणीबाई म्हणतात. मी फळ्यांवरून पळाले. फळ्यांवर पळायचं नाही, असा नियम आहे, तोही मीच लिहिलेला. तिला हाका मारत, दोन्हीकडचं पाणी बघत. पाणी स्वच्छ, निवळलेलं, कुठे गढूळ नाही. कोणी पडलं असतं तर चिखल वर आला असता, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगत होते.

चाळिसाव्या खांबाशी ती बसली होती. टोपी डोक्यावर, पाय खाली सोडलेले.

"अगं, किती ओरडायचं! इथे काय करतेस?"

ती जराशी थांबून म्हणाली, "इथेच तर होते."

"तू बाराव्याशी होतीस. बारा!"

"इथेच होते, ताई."

माझा राग विरला, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. बारा ते चाळीस वाट एकच. मधे अठराव्याशी मी होते, फळीभर आडवी पसरून, दोरी ओढत. मला ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिचे बूट बघितले. कोरडे. पायजमा कोरडा.

"थर्मास कुठाय?"

"कुठला थर्मास?"

पाण्यात पडला असेल, आता बोलणी नकोत म्हणून वेड पांघरतेय, असं मी ठरवलं. गाठ सोडवताना माझं भान नव्हतं, हलक्या पावलांनी गेली असेल माझ्या मागून. लहानपणी लपाछपीत तिला कोणी शोधू शकायचं नाही. माणसाला पटवून घ्यायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

मी हात धरून तिला उठवलं. हात सोडला तर ती तशीच उभी राहिली, अगदी स्तब्ध. मी म्हटलं, "चल की." मग चालायला लागली, सरळ.

४

बुधवारी मी सुट्टी घेतली. दिवसभर आम्ही घरातच होतो आणि खरं सांगते, दिवस चांगला गेला. तिनं माझी कपाटं आवरली. जुने फोटो काढून बसलो. ती ऐकत होती, हसायच्या जागी हसत होती. नेहमी मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाही, पण म्हटलं, दमली असेल. घर, नोकरी, लेक. माहेरी येऊन माणूस गप्प बसतं ते सुखानंच.

दुपारी भांडी पुसताना तिचे हात माझ्यासमोर आले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाला बरोबर मध्यावर एक बारीक तिकोनी खाच होती.

"हे काय लागलं?"

"कुठे?"

"नखाला."

तिनं बघितलं. "घासलं असेल कुठेतरी."

मी डावा हात ओढून बघितला. अनामिकेच्या नखाला तशीच खाच. मी अंगठ्यापासून मोजलं. मोजायचं नव्हतं, पण बावीस वर्षांची खोड. डावं चौथं. उजवं तिसरं.

मला हसू आलं, खरंच. म्हटलं, बाई, चूक तुझ्या डोक्यात बसलीय, आता चमच्याताटल्यांवरही तुला त्रेचाळीसच दिसणार. तरी नेलकटर आणून तिची सगळी नखं मुळापर्यंत कापली, लहानपणी कापायची तशी. तिनं मुकाट्यानं हात पुढे केले. धाकटीनं कधीही, कधीही मुकाट्यानं नखं कापून घेतलेली नाहीत. किंचाळून घर डोक्यावर घ्यायची.

संध्याकाळी पिल्लूचा फोन आला. "आई, माझी आठवण येते?"

"येते," ती म्हणाली. "उद्या येते मी." आवाज अगदी गोड होता. मला बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी ती चहाचा कप धरून बसली होती. कापलेल्या आखूड नखांवर दोन्ही खाचा होत्या, जिथल्या तिथे.

तुम्ही म्हणाल, मग सोडलंस कसं तिला? काय करणार होते? तिच्या नवऱ्याला फोन करून काय सांगू, बायको शहाण्यासारखी वागतेय, पाठवू की नको? सात वाजताची बस होती. मी स्टँडवर घेऊन गेले. पोटाशी धरलं. अंगाला तिचाच वास होता, तिच्याच साबणाचा. मी मिठी सोडली तर ती तिथेच उभी राहिली, हात अंगाशी घेऊन. माणसं धक्के मारून जात होती. कंडक्टर ओरडला तेव्हा निघाली, बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली.

बस वळणापर्यंत मी हात हलवत राहिले. तिनं मागे बघितलं नाही.

५

तशीच कामावर गेले. फाटकावर काकांनी वही पुढे केली.

"मोजणीबाई, परवा तुमच्या बहिणीची आत जायची सही आहे, बाहेर यायची नाही."

"विसरली असेल. माझ्याबरोबर तर आली की बाहेर, तुमच्या नाकासमोरून."

"आल्या असतील. माझा डोळा लागला होता जरा," काका ओशाळून म्हणाले. "पण वही अशी उघडी राहिली की मला चैन पडत नाही. तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होतं. मी तिची सही केली. काकांनी समाधानानं वही मिटली.

आज काहीही करून त्रेचाळीसचं निस्तरायचं, असं मी ठरवलं होतं. सोमवारी साहेब वही तपासणार होते. दोन जनावरांना एक नंबर पडला तर त्यावरही तोड आहे. जे दुसरं, नंतर मिळालेलं, त्याच्या उजव्या बाजूच्या अगदी शेवटच्या कौलावर एक जादा खाच पाडायची. मग ते होतं त्रेचाळीस-ब. पहिलं त्रेचाळीसच राहतं. म्हणजे मला चाळिसाव्या खांबाचं कासव हवं होतं.

ते काही मिळालं नाही. सापळा रिकामा. परत येताना बाराव्याशी सापळा उचलला, तर त्यात बाराव्याचंच कासव. पहिलं. खरं त्रेचाळीस.

मी ते मांडीवर घेऊन बसले. दुसरं हाती लागायला महिना जाईल, वर्षही जाईल. नंबर कासवाला थोडाच वाचता येतो? कोण पहिलं नि कोण दुसरं, हे जगात फक्त मला माहीत. वहीत अदलाबदल केली की झालं. मी कानस काढली आणि बाराव्याच्या कासवाच्या शेवटच्या कौलावर खाच पाडली. जे खरं होतं तेच ब केलं. हाताला लागलं म्हणून.

पांढरा भुगा फुंकला, कानस खिशात ठेवली. खर्र, खर्र, असा आवाज तरीही येत होता.

मी खिशावर हात ठेवला. कानस खिशातच होती. आवाज लव्हाळ्यांतून येत होता, जवळून, सावकाश, नीट काम करणाऱ्या माणसाचा. तीन वेळा आला आणि थांबला. मग कोणीतरी हलकेच फुंकर मारली.

बेडूक, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. कासवाला पाण्यात सोडलं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. ते सरळ गेलं. मग मी पन्नासाव्यापर्यंतचे उरलेले सापळे तपासायला निघाले. भिऊन पळाले, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण उलट्या बाजूला पळाले, कामाच्या बाजूला.

६

चार वाजता परत फिरले. ऊन उतरलं होतं. माझ्या डोक्यावर ती पिवळी टोपी होती. मंगळवारी घरी आल्यावर तिनं ती खुंटीला अडकवली होती, तिथूनच मी सकाळी घेतली होती.

बाराव्या खांबाशी धाकटी बसली होती.

पाय फळीवरून खाली सोडलेले. शेजारी थर्मास. डोक्यावर पिवळी टोपी, कडेला निळ्या दोऱ्याचे टाके, माझेच, वेडेवाकडे.

"आलीस का बाई एकदाची!" ती म्हणाली. "सापळा बघून येते म्हणून गेलीस. चहा गार होईल म्हणून थांबलेय मी. आणि ती माशी मेली, तुला सांगू, मला अगदी... ताई? ताई, काय झालं? भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

मी थर्मासचं झाकण उघडलं. वाफ आली.

मला रडू फुटलं. मी तिला धरलं, तिच्या हनुवटीवरची खूण चाचपली, तिचे गाल दाबले. ती "अगं सोड, घाम आलाय!" म्हणत ढकलत होती. हीच. ढकलणारी, बडबडणारी, हीच माझी धाकटी. मंगळवारपासून इथे होती, आणि मी घरी दुसऱ्याच कोणाची नखं कापत बसले होते.

"फोन दे माझा," ती म्हणाली. "तीन वाजून गेले असतील. पिल्लू रुसेल."

तिचा फोन माझ्या पिशवीत नव्हता. तो सातच्या बसनं गेला होता. मी माझा काढला आणि तिचा नंबर लावला. दोनदा वाजला.

"मावशी!" पिल्लूचा आवाज. "आईचा फोन मीच घेतला."

"पिल्लू... आई कुठे आहे?"

"ही काय, माझ्या मागे. वेणी घालतेय." मागून फणीचा आवाज येत होता, एकसारखा. "मावशी, माहितीये, आई आता ओढतच नाही. अजिबात नाही दुखत."

"बाबांना दे फोन."

"बाबा ऑफिसात गेलेत. आई आल्यावर गेले. आम्ही दोघीच आहोत." मग तिकडे काहीतरी बोलणं झालं आणि पिल्लू म्हणाली, "आई म्हणते, मावशीला सांग, मी नीट पोचले."

फोन बंद झाला.

"काय म्हणते?" धाकटीनं हात पुढे केला. "दे की, बोलू दे मला."

तिच्या पुढे केलेल्या हाताकडे माझी नजर गेली. उजवा हात. मधल्या बोटाला खाच होती, ती मी ओळखली. डाव्या अनामिकेलाही असणार, बघायची गरज नव्हती. पण उजव्या करंगळीला, शेवटच्या बोटाला, अजून एक होती. ताजी. ताजी खाच मला कळते, कडेला भुगा राहतो. मी तो अंगठ्यानं पुसला. पांढरा, मऊ.

माझ्या चुकीची दुरुस्ती मी केली होती तशीच इथे लव्हाळ्यांतूनही झाली होती. जी हाताला लागली तिची.

"रेंज गेली," मी म्हटलं.

"आत्ता तर बोलत होतीस!"

"गेली म्हणते ना. ऊठ. पाचची बस मिळाली तर बारापर्यंत पोचू."

"आज? अगं, आजच आत आलो, परवा निघायचंय ना मला?"

"मी येतेय बरोबर. ऊठ, बये, पाया पडते तुझ्या, ऊठ."

माझा आवाज ऐकून ती उठली. मी वाकून थर्मास उचलला तेव्हा फळीखाली नजर गेली. खांबाच्या पलीकडे लव्हाळी आडवी झाली होती आणि एकेक काडी हळूहळू उभी राहत होती. मधे चिखलात दोन खड्डे होते, कोणी गुडघे टेकून वाकावं तसे. त्यांच्यावरचं पाणी अजून निवळत होतं. एका खड्ड्यापासून दुसरा माझे दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत इतका लांब होता.

मी तिचा हात धरला, करंगळीसकट, आणि चालायला लागले. पळाले नाही. पाच मिनिटांत फाटक येतं. बसला सात तास. तिकडे दार उघडेल तेव्हा पिल्लू कोणाला आई म्हणेल, ते मला माहीत नाही. वहीप्रमाणे खरी कोण आहे ते मात्र मला माहीत आहे. वही मीच लिहिली.

धाकटी माझ्यामागून चालत होती, आणि दर दोन पावलांनी तिचा हात मागे ओढला जात होता. वळून वळून बघत होती. तिची सवयच ती.

"समोर बघून चाल," मी म्हटलं. "आपटशील."

"अगं, पण लव्हाळ्यांत कोणीतरी आहे, ताई. आपल्याकडेच बघतंय."

"बघू दे," मी म्हटलं. "पाच मिनिटं बघायचं असतं. आपण नीट जातोय ना, तेवढंच."